नमुना क्रमांक सतरा

पाण्याच्या टाकीला चौऱ्याऐंशी पायऱ्या.
साठावीवर नेटवर्कची एक काडी येते,
सत्तरीच्या पुढे दोन.
मी बहात्तराव्या पायरीवर बसते
आणि शोधते खाऱ्या मातीवरचं काम,
जे मला या खाऱ्या मातीतून उचलून नेईल.
गाव दर्यापूरच्या अलीकडे.
तालुक्याच्या नावात दर्या, विहिरीत मीठ,
समुद्र मी अजून पाहिलेला नाही.

त्यांची मध्यरात्र आमच्याकडे
हिवाळ्यात साडेचारला होते,
उन्हाळ्यात तासभर आधी.
अर्जाची मुदत संपते तेव्हा
खाली बाबा वॉल्व्हची चाबी घेऊन निघालेले असतात.
आठव्या दिवशी नळ.
गावाला चाळीस मिनिटं, आमच्या वस्तीला साठ,
कारण आमच्याकडचा पाइपच बारका.

"सर्व देशांतल्या उमेदवारांचं स्वागत,"
ठळक अक्षरांत.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
इथे काम करण्याचा हक्क आधीच असावा.
म्हणजे जेवायला या, ताट घरून आणा.
आमच्या वस्तीला हे आमंत्रण नवं नाही.

मग तो प्रश्न.
आता किंवा पुढे कधी तुम्हाला
व्हिसासाठी प्रायोजकत्व लागेल का?
दोन चौकोन.
'हो'वर खूण केली की नऊ मिनिटांत नकार.
नऊ मिनिटांत कुणी
दोनशे चाळीस पानं जिवाणू वाचत नाही.
एकदा 'नाही'वर केली.
मुलाखत झाली, हसणं झालं,
शेवटी खरं सांगितलं,
तिकडचा कॅमेरा फार सभ्यपणे बंद झाला.

बाबांना समजावलं.
"म्हंजे जमानतदार पायजे म्हन ना.
कोर्टात लागते तसा."
"तसाच."
"मंग तू केलं काय?"
मी उत्तर जुळवेपर्यंत
ते वॉल्व्हच्या खड्ड्यात उतरले होते.

जानेवारीत हॉलंडच्या एका बाईंचं पत्र आलं.
मारिट नाव. प्रबंध खरंच वाचलेला,
एकशे बारा पानावरची चूकही सापडलेली.
तुमचे जिवाणू विलक्षण आहेत, लिहिलं होतं.
माणूस आणण्याइतका निधी आमच्याकडे नाही.
नमुने पाठवू शकाल का?

मातीचा परवाना त्यांनी अकरा दिवसांत काढला.
इकडच्या मंजुरीसाठी मी चार महिने फिरले.
तीन पदरी वेष्टण, शीतपेटी, विमा.
अमरावतीचा कुरिअरवाला म्हणाला, आत काय?
माती.
कायची?
मी म्हटलं, शाळेमागच्या धुऱ्याची.
त्यानं पेटी हलवून पाहिली.

चिठ्ठीवर लिहिलं होतं:
नमुना क्रमांक सतरा. खोली तीस सेंटीमीटर.
मूळ देश भारत.
गोळा करणार उ. सु. खंडारे.
पोचल्याचा फोटो आला.
पांढरा फ्रीज, वरून दुसरा कप्पा,
माझ्या आडनावात एक अक्षर कमी.
तिथे कुणी तिला विचारलं नसेल,
किती दिवस राहणार, परत कधी जाणार,
खात्यात किती आहेत.

रात्री बाबांनी फोन डोळ्यांजवळ धरला.
"हे आपल्या धुऱ्याची?"
"हो."
"इले कोन जमानत रायलं?"
"त्या बाई."
बराच वेळ पाहत राहिले,
बोटानं फोटो मोठा करून.
मग म्हणाले, "तिथलं पानी गोड असन ना?
सांगून ठेव त्या बाईले, लय पाजू नोको.
मरतीन तुहे ते."

त्यांना हे मी कधीच शिकवलं नव्हतं.

आज पुन्हा आठवा दिवस.
खालून बादल्यांचा आवाज बहात्तरावीपर्यंत येतोय,
कुणीतरी पाळीवरून भांडतंय.
यादीतली एकशे सहावी ओळ.
चौकोन समोर,
बॅटरी एकोणीस टक्के.