सहावी ओळ

रात्री सव्वादोनला रास्ता पेठेतल्या ब्लड बँकेत
जागे आम्ही तिघे:
चार अंशांवर गुणगुणणारा फ्रीज,
खुर्चीतच पाय वर घेऊन बसलेली मी,
आणि तिकडे हिंजवडीत, भाड्याच्या कपाटात, आमचा सर्व्हर,
ज्याचं दार कुणीतरी वाजवतंय.

लॉग उघडला. एका रात्रीत अकरा हजार टकटक.
रूट आहे का? ॲडमिन आहे का? टेस्ट? गेस्ट?
कुठल्या देशातून कोण जाणे.
दमत नाही, शिवी देत नाही,
जनगणनेला आलेल्या मास्तरांसारखं
शांतपणे पुढचं नाव.
आणि आमचा पासवर्ड तर मॉनिटरलाच डकवलेला,
पिवळ्या चिठ्ठीवर:
संस्थेचं नाव, पिनकोड,
शेवटी एक उद्गारचिन्ह, सुरक्षिततेसाठी.

"आता बास," मी फ्रीजला म्हटलं.

एका आज्ञेत दोघी जन्मतात,
एक घरात राहणारी, एक गावभर फिरणारी.
फिरणारी कुणालाही द्या,
लक्ष्मी रोडच्या खांबाखांबावर चिकटवा,
तिच्यावरून घरातलीचा चेहरा काढता येत नाही.
घरातलीला मात्र परवलीचं वाक्य हवं.
मी टाइप करत गेले, पडद्यावर काही उमटेना,
साधे ठिपकेसुद्धा नाहीत,
दिवे गेल्यावर सुईत दोरा ओवावा तसं.
वाक्य सांगणार नाही.
आईच्या एका ठेवणीतल्या टोमण्यात
मी शुद्धलेखनाची एक चूक केली आहे, एवढंच.

फिरणारीला हिंजवडीला पाठवलं. दार म्हणालं, नाही.
पुन्हा. नाही.
चहा गार झाला तेव्हा कळलं:
फोल्डर कुणालाही लिहायला मोकळं होतं,
आणि असल्या उघड्या घरातली यादी
सर्व्हर हातात धरत नाही.
सातशे. सहाशे.
आकड्यांनी पडदे ओढले,
मग त्याने मला ओळखलं.

जुनी खिडकी तरी बंद केली नाही.
हे सॅम्युएल रणपिसेने शिकवलेलं:
नव्या दाराने आत जाऊन दाखवल्याशिवाय
जुन्या दारातला पाय काढायचा नाही.
दुसऱ्या खिडकीतून गेले. आत.
बाहेर. परत आत.
मग ती एक ओळ बदलली, अगदी पुणेरी:
येथे पासवर्ड स्वीकारले जात नाहीत.
कारण विचारू नये.

टकटक चालूच होती. आता नुसती ऐकायची.

उठता उठता यादी पाहिली, कुणाकुणाला दार उघडतं.
सहाव्या ओळीच्या टोकाला लिहिलेलं:
सॅम्युएल, जुना लॅपटॉप, तात्पुरती.

पगारावरून भांडून गेला तो,
ट्रस्टींच्या काचेवर ओळखपत्र आपटून.
ओळखपत्र त्यांनी ठेवून घेतलं, खुर्चीची सही घेतली,
ही किल्ली कुणी मागितलीच नाही.
चार वर्षं, कुठल्याही रात्री तो येऊ शकला असता.
रक्तगट, फोन नंबर, कुणाची किती थकबाकी,
ट्रस्टींच्या जावयाचं बिल.
साठवणीतले जुने लॉग उकरले, पहाट होईपर्यंत.
एकदाही नाही.

सातला फोन केला. वाकडला असतो हल्ली.
"तुझी किल्ली काढतेय," म्हटलं.
बहुतेक दात घासत होता.
"कुठली? ती मी त्याच दिवशी पुसली,
स्वारगेटच्या बसमध्ये, उभ्या उभ्या."
चूळ भरल्याचा आवाज.
"आणि उशीर केलास. चार वर्षं?
हे शिकवलं होतं का मी?"

म्हणजे जगात कुठेच नसलेल्या किल्लीसाठी
एक ओळ इतके दिवस जागी.

पुसायला गेले आणि पुसवेना.
तिच्यापुढे नुसता एक हॅश टाकला.
आहे तिथेच आहे ती, दार तिला वाचत नाही.

मग पिवळी चिठ्ठी नखाने सोलून काढली.
मॉनिटरच्या धुळीत
तिच्या मापाची चौकोनी जागा
लख्ख निघाली.