उटी

पुण्याहून आलास, वही काढलीस, विचारलंस :
शेवरले भारी की प्लायमाऊथ?
किती अश्वशक्ती, किती सेकंदांत किती वेग?
बस. आधी पाणी पी.
सेकंद आमच्याकडं नव्हते.
वाईतून पाचगणी, पसरणीचा घाट,
आम्ही डबे मोजायचो. पाण्याचे.

शेवरले धोंडीबा जंगमाची, पोपटी, एक्कावन्नची.
प्लायमाऊथ हुसेन बागवानाची. रंग विचारू नकोस,
जिथं लांबी भरली होती तिथं तांबडा.
दोन्ही साहेबांच्या हातून उतरत उतरत
आमच्यापर्यंत आलेल्या, सहा व्होल्टच्या.
रात्री काडी ओढून बघावं लागायचं
दिवा लागलाय का.

शेवरलेच्या पोटात पळ्या होत्या. खरंच.
दर दांड्याच्या टोकाला एक,
फिरता फिरता तेल उपसून घ्यायची.
सपाटीला झकास.
चढाला तेल मागं सरायचं,
पंक्तीच्या टोकाला आमटी पोचू नये
तशी पुढची पळी कोरडी फिरायची,
आणि धोंडीबा गाणं थांबवून कान द्यायचा.
प्लायमाऊथला तेल पंपानं, नळीनं, घरपोच.
म्हणून ती तशी. सावकाश. न बोलणारी.

पैज लागली सदुसष्टच्या मार्गशीर्षात.
ओझं सारखं पाहिजे, म्हणून
शहांच्या अडतीवर, गुळाच्या काट्यावर
उतारू तोलले, एकेक.
हळदीचा व्यापारी इकडं, तर दोन मास्तर तिकडं.
तरी प्लायमाऊथ सहा किलो हलकी.
मग मागच्या सीटवर अर्धी ढेप गूळ बसवला,
बिनतिकिटाचा.

घड्याळ शहाशेठच्या मनगटावर, ते शेवरलेत पुढं.
मी मागच्या बंपरवर, काखेत बाभळीची उटी.
गाडी थांबली की उडी,
ठोकायची चाकामागं, आणि हात काढून घ्यायचा.
एकदा विसरलो. ही करंगळी.
ते वहीत नको.

शेवरले निघाली, उसातून डुक्कर निघावं तशी.
चार वळणांत हुसेन दिसेनासा.
खाली तेव्हा धोमचं पाणी नव्हतं, नुसती शेतं.
पाचव्याला पुढची पळी बोलली. टक.
सातव्याला शहाशेठ खिडकीतून ओकले,
हात पुसायला घड्याळ काढून कुठं ठेवलं
ते पाचगणीपर्यंत कुणाला सापडलं नाही.

दांडेघर नाक्यावर आम्हीच आधी.
किती आधी, ते त्या घड्याळाला विचार.
हुसेन आला, आणि बॉनेट न उघडता चहाला गेला.
गूळ उतारूंनी वाटेत संपवलेला.
धोंडीबा म्हणाला, ओझं घटलं, पैज रद्द.
हुसेन म्हणाला, घटलं कुठं?
पोटात बसून वर आलाय की.

दोन वर्षं भांडले. मग दोघांनीही
डिझेलची इंजिनं टाकली,
आणि भांडायलाच काही उरलं नाही.

तर लिही. शेवरलेचं सगळं सांगतो,
ढुंगणाला लागणाऱ्या पत्र्यापासून.
प्लायमाऊथवर मी कधीच बसलो नाही.
तिचं एवढंच ठाऊक :
उटी ठोकून मी वाकलेला, वर डबा ओततायत, वाफ,
आणि खालून तिचा आवाज,
कुणीतरी जात्यावर बसल्यासारखा.
पहिल्यांदा तीन वळणं खाली.
मग दोन.
मग उटी निघता निघेना.