बारा कशाचे?

कुपवाडच्या एमआयडीसीत, फौंड्रीच्या मागच्या खोलीत
माझं टेबल.
खिडकीच्या जाळीवर काळी वाळू,
कॅल्क्युलेटरच्या बटणांतही तीच,
त्यामुळे आठ दाबला की कधीकधी दोनदा उमटतो.
हे आधीच सांगून ठेवते,
कारण पुढचा सगळा हिशेब याच यंत्रावर झालाय.

बाळगोंडा मगदूम, फेटलिंग विभाग,
सात तारखेला स्लिप घेऊन दारात.
"बाई, बारा टक्के बारा टक्के म्हंता,
त्ये बारा कशाचे?"

मी शाळेत सांगतात तसं सांगितलं:
मूळ पगार आठ हजार, महागाई भत्ता चौदाशे,
झाले नऊ हजार चारशे.
त्याचे बारा टक्के अकराशे अठ्ठावीस,
हे तुमच्या पगारातून.
कंपनीही तेवढेच घालते,
पण तिचे सगळे एका डब्यात पडत नाहीत.
सातशे त्र्याऐंशी पेन्शनकडे जातात,
उरलेले तीनशे पंचेचाळीस
तुमच्या अकराशे अठ्ठाविसाच्या शेजारी जाऊन बसतात.

तो बघत होता.
ग्राइंडरनं कान नेलेला माणूस ओठांवरून ऐकतो.
त्याच्यासमोर खोटं बोलायला
तोंड नीट उघडावं लागतं.

"आन् ह्ये खालचं?"
घरभाडं तीन हजार. प्रवास सोळाशे. धुलाई सहाशे.
इतर, तीन हजार.
"इतर म्हंजी?"
"इतर म्हणजे… इतर."
"त्येचे बारा टक्के?"
"त्याचे नाहीत."

तो गेला. भट्टीचा भोंगा झाला.

इतर मीच जन्माला घातलंय.
नऊ वर्षांपूर्वी विश्रामबागेतून एक सल्लागार आले होते,
पांढरे बूट घालून, फौंड्रीत.
साहेबांच्या केबिनमध्ये चहा घेत म्हणाले,
"पगार तेवढाच राहतो मॅडम, आपण फक्त खाने पाडायचे."
मी बाहेर येऊन एक कॉलम घुसवला.
डोक्यावर नाव हवं होतं, सुचेना.
मूळ पगारातून तीन हजार उचलून तिकडे ठेवले
आणि टाइप केलं: इतर.

त्या महिन्यात प्रत्येकाच्या हातात
तीनशे साठ रुपये जास्त पडले.
फेटलिंगवाल्यांनी भडंग वाटलं.
मलाही एक पुडा आला, कांदा वेगळा बांधून.
मी खाल्लं. चांगलं होतं.

घरी रात्री कूकर लावून बसले.
त्याचे तीनशे साठ, कंपनीचे तीनशे साठ,
महिन्याला सातशे वीस
जे कुठल्याच डब्यात पडले नाहीत.
त्याचे तीनशे साठ निदान घरात आले,
पोराच्या फीत, गॅसमध्ये, कशात तरी गेले.
कंपनीचे कुठे गेले ते मला माहीत आहे.
साहेबांच्या नव्या शेडचा पत्रा निळा आहे.

नऊ वर्षं म्हणजे एकशे आठ महिने.
सत्त्याहत्तर हजार सातशे साठ.
व्याज धरलं नाही.
शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भात करपला.
आकडा पुन्हा वाचला:
यात एकही आठ नाही.
यंत्राला दोष देता येत नाही.

पुढच्या सात तारखेला तो परत आला.
यावेळी खुर्चीवर बसला, न सांगता.
"बाई, तुमच्या कागदावर बी हाय का इतर?"
"आहे."
"तुमीच घातलं?"
"मीच."
तो हसला असावा, धुळीनं कळलं नाही.

मग स्लिप उलटी करून माझ्यापुढे सरकवली.
"किती त्ये लिवा हितं."
मी लिहिलं, अंकी आणि अक्षरी,
चेकवर लिहितात तसं, पुढे 'फक्त' लावून.
'फक्त' खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.
विचारलं, खाली सही करू का?

"करा की," म्हणाला,
"हिशेब तुमचाच हाय."