सातजणींच्या पायाखाली

गवत होतं आधी. खरंच होतं.
अकरा दिवसांत सातजणींनी ते असं संपवलं
की मुळांनासुद्धा आपण कोण होतो ते आठवेना.
मग पाऊस.
आमच्याकडे वेल्समध्ये पाऊस हा ऋतू नाही, पाहुणा आहे,
निघतो म्हणतो, उंबऱ्यापर्यंत जातो,
आणि पुन्हा चहा मागतो.

नोव्हेंबरात जाळीच्या आत नुसता रबरबाट.
तांगवेन, माझी तांबडी, जरा नखरेल,
एक पाय पोटाशी धरून उभी राहायची,
दुसरा कुठे ठेवायचा ते
मी सांगेन म्हणून.

पलीकडचा इदवल म्हणाला, पेंढा टाक.
टाकला. तीन दिवस सोनं.
चौथ्या दिवशी खालून वाफ, बुरशी,
आणि डोळ्यांत पाणी आणणारा तो वास.
फावड्याने सगळं उपसलं. पाठ धरली.
इदवल म्हणाला, अगं, रोज हलवायचा असतो.
हे त्याला पाचव्या दिवशी आठवलं.

वाळूचा भाव काढला. लॅम्पिटरच्या दुकानदाराने
टनाचा आकडा सांगितला, पोचवायचे वेगळे.
समुद्र अकरा मैलांवर, वाळूच वाळू,
पण ती खारट, आणि ती सगळ्यांची.

खडी नको.
मागे दिलिसच्या तळव्याला गळू झालं तेव्हा
तिचा पाय मिठाच्या पाण्यात धरून
मी सकाळच्या सगळ्या बातम्या ऐकल्या होत्या,
ती मांडीवर, गरम, हलकी,
आणि बातम्यांत काहीच चांगलं नव्हतं.

कार्डिफहून पुतणी म्हणाली, रबराची चटई घाल,
पाइपने धुतली की झालं.
नेरिस, बाळ, या उकरतात.
उकरणं हेच त्यांचं काम, करमणूक, आणि बहुतेक प्रार्थनाही.
रबर उकरून त्यांना काय सापडणार?

जानेवारीत काउन्सिलचं पत्र आलं,
दोन भाषांत, दोन्हींत तेच:
रस्त्याकडेचा ॲश शेंड्यापासून वाळतोय,
रोग आहे, उतरवा.

टेगिड आला, दोन दिवस राबला.
यंत्राच्या तोंडात फांद्या, पलीकडून ढलप्यांचा फवारा.
बुंध्याशी पोचला तेव्हा करवत किंचाळली.
ठिणग्या. मग काहीच नाही.
त्याने हाक मारली.
लाकडाच्या पोटात, हातभर आत,
लोखंडाची कडी.

वडील तिला तट्टू बांधायचे.
मी बारा वर्षांची असताना ती दिसेनाशी झाली.
आमच्या घरात ठरूनच गेलं होतं
की इदवलच्या बापाने चोरली.
बावन्न वर्षं मी त्या घराला नाताळचा केक नेला
आणि मनात ती कडी मोजली.

सांगितलं त्याला. कुंपणावरूनच.
इदवल बराच वेळ टोपी फिरवत राहिला.
म्हणाला, आमच्याकडे वाटायचं
तुझ्या बापानेच काढून विकली, तट्टासकट.

ढलप्या वीतभर जाड पसरल्या.
पाणी खाली गेलं. वास गेला.
सातजणी आधी दाराशी थबकल्या,
मग एकदम तुटून पडल्या,
झाडाला उलटंपालटं करत,
किडा, बी, किडा.
त्यांना कडीशी काही घेणं नाही.

उकिरड्याचे पांग फिटायला बारा वर्षं लागतात म्हणे.
माझ्याकडे दीडच लागलं.
या वसंतात फावडं घातलं तर खाली काळी,
भुसभुशीत, जंगलाच्या वासाची माती.
दोन बादल्या इदवलच्या लीकच्या वाफ्याला दिल्या.
त्याने नको म्हटलं नाही.
मीही पैसे मागितले नाहीत,
जरी क्षणभर मनात आलं होतं.

बुंध्याची ती चकती जाळीत ठेवली आहे,
कडी अजून अर्धी आत.
तांगवेन तिच्यावर चढते.
सगळीकडे कोरडं, मऊ,
तरी एक पाय पोटाशी धरून उभी राहते,
सवयीने.