टाचांखाली दोन बोटं

इल्गवार्सच्या कारखान्याला माशांचा वास होता.
पूर्वी तिथे धुरी दिलेले स्प्रॅट डब्यांत भरत.
कंपनी बुडाली, वास राहिला,
त्या वासासकट त्याने जागा भाड्याने घेतली,
छत उंच होतं म्हणून.

मी तेव्हा दहा वर्षांची. शाळा सुटली की
त्याच्या बोल्टांचा डबा धरून उभी राहायचे.
तो न बघता हात मागे करायचा,
मी न विचारता आठ नंबरचा ठेवायचे.
एवढंच आमचं बोलणं.

पंख छत्र्यांच्या काड्यांचे,
त्यावर झिद्राने शिवलेलं तागाचं कापड.
इंजिनाच्या जागी पायाने चालवायचं शिवणयंत्र.
शेपटीला करकोच्याचं एक खरं पीस.
‘नमुना म्हणून नाही,’ तो म्हणाला,
‘साक्षीदार म्हणून.’

लोक म्हणत, याच्या डोक्यात वारा शिरलाय.
पण लिपायामध्ये ती काही शिवी नव्हे.
समुद्रावरून येतो तो,
आमच्या प्रत्येक घरात न बोलावता जेवायला बसतो.

एकदा रीगाहून विमान खात्याचे साहेब आले.
फॉर्मवर प्रश्न होता: यंत्र उडते का?
खाली दोनच चौकोन, हो आणि नाही.
इल्गवार्सने कानामागची पेन्सिल काढली,
दोन चौकोनांच्या मधल्या कोऱ्या जागेत
वाटाण्याएवढा गोल काढला,
आणि साहेबांना विचारलं, चहात साखर किती?

एकोणीस वर्षांनी संग्रहालयाने ते मागितलं.
दारातून निघेना. भिंत फोडली.
उचलायला सहा जण:
दोघे बंदरातले हमाल, एक पाद्री,
झिद्राचे जावई, आणि बँडमधला तो
ट्रॉम्बोनवाला आर्विड्स, ज्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

लोखंडी पुलाच्या मध्यावर
वारा पंखांखाली आला.

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले होते
म्हणून फक्त मलाच दिसलं:
सहा माणसं, बारा टाचा,
आणि प्रत्येक टाचेखाली
दोन बोटं उजेड.

‘दाबा! खाली दाबा! दोर आणा!’
इल्गवार्स ओरडत होता.
त्याचा चेहरा चुन्यासारखा.
मला वाटलं होतं, तो हसेल.

पुलापलीकडे पोचल्यावर
तो कठड्याला टेकून बराच वेळ बसला.
मग माझ्याकडे हात केला, न बघता.
डबा घरी राहिला होता.
मी त्याच्या तळव्यावर माझा हात ठेवला.
त्याने तो चाचपून पाहिला, मापात बसतो का तसा,
आणि परत दिला.

आता ते तीन तारांवर टांगलंय.
पाटी आहे: ताग, ॲल्युमिनियम, शिवणयंत्र, पीस.
खाली बारीक अक्षरात: उडत नाही.

मी वर्षातून एकदा तिकीट काढून जाते.
पहारेकरी जांभई द्यायला वळला
की खाली वाकते,
नाडी सुटलेली नसली तरी.