अंदाजे

घड्याळ पहिल्याच दिवशी वजन विचारतं.
चौऱ्याऐंशी होतं, मी ऐंशी लिहिलं.
चार किलो पुढे कमी होणारच होते,
उचल म्हणून आधीच घेतले.
वय मात्र खरं सांगितलं, एकोणपन्नास;
त्यानं नाडी धरली होती.

रविवारी बोपदेव घाट.
वर पोचलो तेव्हा जिभेला लोखंडाची चव
आणि मनगटावर सहाशे बेचाळीस.
वजन गुणिले वेळ गुणिले वेगाचा कसला तरी आकडा.
वारा समोरून होता, तो धरत नाहीत.
येवलेवाडीत कुत्रं मागे लागलं, तेही नाही.
खाली उतरून दोन प्लेट भजी खाल्ली.
तेवढा हिशेब मला तोंडी येतो.

गंगाधामच्या चढाखाली दस्तगीर भेटतो, रोज पहाटे.
काळी बावीस इंची सायकल, मागे पावांचा पत्र्याचा डबा,
हँडलला दोन्हीकडे खारीच्या पिशव्या.
एकदा मी घड्याळ त्याच्या मनगटाला बांधलं,
वजन विचारलं.
"भंगारवाल्याच्या काट्यावर बावन्न भरलो होतो," म्हणाला,
"रमजानच्या आधी."
बावन्न टाकलं.
पावांचं वजन कुठे टाकायचं
तो रकाना सापडेना.

कोंढव्यातली दुकानं करून तो परत आला,
पट्टा सदऱ्याला पुसून हातात दिला.
एकशे अठ्ठ्याऐंशी.
मला वाटलं, काही तरी चुकलं.
नकाशा उघडून बघितला.
जिथे चढ अगदी उभा होतो,
जिथे तो खाली उतरतो,
एक हात हँडलला, एक कॅरियरला,
आणि डोकं खाली घालून अख्खी बेकरी वर ढकलतो,
ती एकोणीस मिनिटं घड्याळानं
'थांबला आहे' म्हणून
सोडून दिली होती.

सांगायची लाज वाटली. तरी सांगितलं.
दस्तगीर हसला नाही.
रिकाम्या डब्याची कडी लावत म्हणाला,
"मी थांबलो होतो, तर
पाव वर कोण घेऊन गेलं,
ते विचारा की त्याला."

विचारायला बटण नाही.
घरी येऊन ऐंशीचे चौऱ्याऐंशी केले तेवढे.
पुढच्या रविवारी, तोच घाट, तेवढाच वेळ,
सहाशे चौऱ्याहत्तर.
खरं बोलल्याचे बत्तीस वाढले.
त्यात अर्धा पावही येत नाही.