दर किलोमीटरी ठोके

माती परीक्षणाच्या जुन्या रजिस्टरची
उरलेली कोरी पानं मी घरी आणली,
साहेबांना विचारून.
रकाने छापलेलेच होते:
गाव, गट नंबर, सामू, क्षारता.
गावाच्या जागी तारीख लिहितो,
गट नंबरच्या जागी अंतर, सामूच्या जागी नाडी.
क्षारता तशीच ठेवलीय. घाम येतोच.

काळी कमान ते विद्यापीठाची रोपवाटिका, आणि परत.
सहा किलोमीटर, पहाटे पाचला.
गेटवरचा मुंजाजी विचारतो,
"कामून पळता हो रोज? कुणी मागं लागलंय का?"
मी घड्याळ दाखवतो.
"हे मागं कुठंय," तो म्हणतो, "हे तर मनगटालाच लागलंय."

गेल्या जानेवारीत: छत्तीस मिनिटं, नाडी दीडशे.
मेमध्ये: चाळीस मिनिटं, नाडी एकशे पासष्ट.
महिनाभर वाटत राहिलं, आपण उताराला लागलो.
मग एका दुपारी प्रयोगशाळेत
एकाच शेताच्या दोन पिशव्या आल्या,
एक वीतभर खोलीची, एक नुसती वरवर खरवडलेली.
सुरवसे मॅडम म्हणाल्या,
"यांची तुलना ज्याला करायची त्यानं करावी. मी नाही."

त्या रात्री पट्टी घेऊन एक रकाना वाढवला:
पहाटेचं तापमान.
जानेवारीपुढे अकरा. मेपुढे एकतीस.
काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात
त्या महिन्यात
मी चार मिनिटं उशिरा पोचलो,
एवढंच.

मग आणखी एक:
मिनिटं गुणिले नाडी, भागिले किलोमीटर.
दर किलोमीटरी ठोके.
तेव्हा नऊशे. उन्हाळ्यात अकराशे.
यंदाच्या जानेवारीत, तीच थंडी, तोच रस्ता,
तीच छत्तीस मिनिटं, पण नाडी एकशे चाळीस.
आठशे चाळीस.

वेळेच्या रकान्याला विचाराल तर
वर्षभरात काहीच घडलं नाही.
आणि इकडे एका फेरीमागे
तीनशे साठ ठोके वाचले.
ते कुठं ठेवायचे, याला रकाना नाही.

फेब्रुवारीत घड्याळानं आपणहून एक नोंद केली:
एक तास बारा मिनिटं. नाडी एकशे एकवीस. अंतर शून्य.
छान! आजचं उद्दिष्ट पूर्ण.

ती द्वारकाच्या सोयरिकीची बैठक होती.
गंगाखेडचे पाहुणे, पोह्यांच्या बशा,
आणि त्यांचे एक काका बोटांवर मोजत होते,
प्लॉट, गाडी, तोळे.
बहिणीचा भाऊ म्हणून मी भिंतीला टेकून
गप्प.

शून्यानं भागता येत नाही.
ती ओळ खोडली मात्र नाही, भोवती चौकट आखली.
प्रयोगाच्या शेतात एक वाफा असाच सोडतात,
ना खत, ना फवारणी,
आणि बाकीचे वाफे त्याच्याकडे बघून मोजतात.

काकांचं तिसरं बोट मिटायच्या आत
द्वारका आतून म्हणाली होती,
"चहा घ्या अन् निघा."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दारात उभी.
पायात कॉलेजच्या एनसीसीचे बूट, ओढणी कमरेला.
घड्याळ मी तिच्या हाताला बांधलं,
म्हणून माझी त्या दिवसाची नोंद नाही.
ज्वारीच्या प्लॉटपाशी ती तीनदा थांबली,
दोनदा नाडीसाठी, एकदा खरंच लेससाठी.
दोन किलोमीटर, एकोणीस मिनिटं,
नाडी एकशे अठ्ठ्याहत्तर.

"हे लई झालं का कमी?"
"कशाच्या मानानं?"
"ते तू सांग. तूच मोजतोस."

मी नवं पान उलटलं, तिचं नाव लिहिलं.
पहिल्या ओळीला शेजार नसतो, म्हणालो,
उद्या बघू.
तिनं माझ्या हातातला पेन घेतला
आणि क्षारतेच्या रकान्यात स्वतःच लिहिलं:
भरपूर.